गोल न करणाऱ्यांची कहाणी

काळाचौकीत वाढलेल्या माणसाला पकड म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. दत्ताराम लाड मार्गाच्या दोन्ही अंगांच्या चाळींत पोर धड चालायला लागण्याच्या आधी मांडी थोपटायला शिकते, असे आमच्याकडे थट्टेने म्हणतात आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. चढाईवाला दम घेऊन येतो, कोपरारक्षक त्याच्या तोंडाकडे न बघता पावलांकडे बघतो, आणि एका नेमक्या क्षणी घोट्याला हात घालतो. बाकीचे तुटून पडतात. पंचांची शिट्टी वाजते, गुण मिळतो, आणि पकड करणाऱ्याचे नाव रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत लालबागच्या नाक्यावर पोचलेले असते.

कबड्डीची ही रीत मला नेहमीच न्याय्य वाटत आली आहे. चढाईत गडी मारला तर गुण, आणि आलेला गडी धरला तरीही गुण. मारणारा मोठा आणि राखणारा धाकटा असा भेद हा खेळ मानत नाही. म्हणूनच मी फुटबॉल पाहू लागलो तेव्हा मला एका गोष्टीचे राहून राहून नवल वाटे. तिथे आपले घर राखणाऱ्या गड्याला गुणच नाही! त्याने नव्वद मिनिटांत वीस वेळा गोल वाचवला तरी फळ्यावर शून्यच. एकदा मात्र तो चुकला, की फळ्यावर समोरच्याचा आकडा चढतो आणि सगळे मैदान याच्याकडे बोट दाखवते.

आज मला या बिनगुणाच्या गड्यांविषयी लिहायचे आहे. दिवाळी अंकात सहसा विक्रमवीरांची चरित्रे छापतात. फुटबॉलवर लेख आला तर तो पेले किंवा मेस्सी यांच्यावर असतो. फुलबॅकवर कोणी लिहीत नाही. पण आपल्या मुंबईने या जागेवर खेळणारी दोन माणसे पाहिली आहेत. एक परप्रांतातून येऊन इथे नोकरीला राहिलेला आणि दुसरा इथेच जन्मलेला मराठी मुलगा. त्या दोघांत साठ वर्षांचे अंतर आहे, आणि त्या साठ वर्षांत या शहराचे काय झाले तेही त्यांच्या कारकिर्दींत वाचता येते.

आधी जागेविषयी दोन शब्द. जुन्या फुटबॉलमध्ये गोलरक्षकापुढे दोनच फुलबॅक असत. त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि अगदी पुढे पाच जणांची आघाडी. म्हणजे मारायला पाच आणि राखायला दोन! १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर आघाडीच्या गड्यापुढे प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत. नव्या नियमाने दोन पुरेसे झाले. त्याबरोबर गोलांचा पाऊस सुरू झाला. इंग्लंडमधील आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी यावर उपाय म्हणून मधला हाफबॅक मागे घेऊन तिसरा बॅक उभा केला, आणि दोन्ही फुलबॅक बाजूला सरकले. तेव्हापासून फुलबॅकचे काम ठरून गेले. बाजूरेषेवरून धावत येणाऱ्या विंगरला अडवायचे, त्याला आत वळू द्यायचे नाही, आणि तो निसटलाच तर धावत जाऊन पुन्हा गाठायचे. आमच्या भाषेत सांगायचे तर हा फुटबॉलमधला कोपरारक्षक. फरक एवढाच की याला हाताने पकड करता येत नाही.

आता आपल्या पहिल्या गड्याकडे वळू. ओ. चंद्रशेखर हे १९३५ साली केरळातील इरिंजालकुडा येथे जन्मले, आणि पन्नाशीच्या दशकात मुंबईला कॅलटेक्स या अमेरिकन तेलकंपनीच्या संघात खेळू लागले. तेलकंपनीचा फुटबॉलशी संबंध काय, असे आजच्या तरुण वाचकाला वाटेल. त्या काळी भारतात उघडपणे पैसे घेऊन खेळण्याची सोय नव्हती. खेळाडू कंपनीत नोकर म्हणून लागे, हजेरीपुस्तकात त्याचे नाव असे, आणि सरावासाठी व सामन्यांसाठी त्याला रजा मिळे. टाटा, कॅलटेक्स, पश्चिम रेल्वे, मफतलाल अशा संघांची नावे वाचली की ती फुटबॉलची यादी आहे की नोकरीच्या अर्जांची, असा प्रश्न पडावा! पण या नोकरीत एक मोठी गोष्ट होती. गुडघा दुखावला तरी महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार होई. धावायचे वय संपले तरी टेबल-खुर्ची राही. फुलबॅकसारख्या टाळ्या न मिळणाऱ्या माणसाला या भरवशाचे मोल किती असेल याची कल्पना करा.

कॅलटेक्सचा तो संघ साधा नव्हता. गोलमध्ये एस. एस. नारायण होते. मूळचे केरळचे, पण माटुंग्याच्या मैदानांवर वाढलेले, दोन ऑलिंपिक पाहिलेले. १९५६ साली मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा याच कंपनीत आले. १९५८ साली कॅलटेक्सने कूपरेजवर रोव्हर्स करंडक जिंकला. ही स्पर्धा १८९१ पासून मुंबईत होत असे, आणि त्या आधीची कितीतरी वर्षे हैदराबाद आणि कलकत्त्याचे संघ येऊन करंडक घेऊन जात. एका मुंबईकर कंपनीने तो घरी ठेवला याचे अप्रूप शहराला वाटले असणार.

चंद्रशेखर १९६० साली रोमच्या ऑलिंपिकला गेले. भारतीय फुटबॉलच्या दृष्टीने तो काळ समजून घेतला पाहिजे. १९४८ साली लंडनला आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले, आणि मग बूट घालण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांत रोमला काय झाले पाहा. हंगेरीविरुद्ध आपण १-२ असे हरलो. त्या हंगेरीत फ्लोरियन अल्बर्ट खेळत होता, जो पुढे १९६७ साली युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली, तीही पी. के. बॅनर्जी यांनी आघाडी मिळवून दिल्यावर आणि फ्रान्सने अगदी अखेरीअखेरीस बरोबरी साधल्यामुळे. पेरूकडून १-३ अशी हार झाली. दहा गोलांवरून दोनांवर येणे हे एकट्या आघाडीचे काम नव्हे. पिछाडीला कोणीतरी उभे होते.

मग आले १९६२ चे जकार्ता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला ०-२ असे हरवले. पुढे थायलंड आणि जपान यांना नमवून आपण उपांत्य फेरी गाठली, पण थायलंडच्या सामन्यात आपला मुख्य बचावपटू जर्नेल सिंग याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी अशी युक्ती केली की आजही ऐकून आश्चर्य वाटते. जखमी माणूस पिछाडीला हेडिंग करू शकणार नाही, म्हणून त्यांनी त्याला आघाडीला उभे केले! जर्नेलने उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला. ४ सप्टेंबर १९६२ च्या अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया समोर होता. इस्रायल आणि तैवान यांना यजमानांनी वगळल्याबद्दल भारतीय प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतल्याने जकार्ता भारतावर चिडलेले होते, आणि लाखभर प्रेक्षक कोरियाच्या बाजूने ओरडत होते. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला आणि जर्नेलने दुसरा. हे सगळे पहिल्या वीस मिनिटांत झाले.

राहिली सत्तर मिनिटे. ती कोणी खेळून काढली, हे आपण सहसा विचारत नाही. जर्नेल पुढे गेल्यामुळे मध्ये अरुण घोष उभे होते. एका बाजूला त्रिलोक सिंग, दुसऱ्या बाजूला आपल्या मुंबईचे चंद्रशेखर. हाफबॅकमध्ये गोव्यात कोलवाळला जन्मलेले आणि मुंबईला टाटांकडून खेळणारे फॉर्च्युनाटो फ्रँको. कोरियाने शेवटच्या काही मिनिटांत एक गोल फेडला, दुसरा त्यांना मिळाला नाही. भारत २-१ असा जिंकला. आशियाई क्रीडास्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक आपल्याला दोनदाच मिळाले, १९५१ साली दिल्लीला आणि त्यानंतर हे. या सामन्याची गोष्ट सांगताना लोक अजूनही जर्नेलचा गोल सांगतात. आशियातला एक थोर बचावपटू, पण लोकांच्या लक्षात राहिला तो आपली जागा सोडून आघाडीला गेला त्या दिवसामुळे! फुलबॅकच्या नशिबाची ही पहिली गंमत.

१९६३-६४ च्या हंगामात महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला. मद्रासच्या अंतिम सामन्यात आंध्रला एका गोलाने हरवले. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचे ते पहिलेच यश, आणि त्या संघात चंद्रशेखर आणि फ्रँको दोघेही होते. १९६४ च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला. पुढे चंद्रशेखर स्टेट बँकेत गेले, केरळला परतले. २०२१ हे वर्ष या पिढीला क्रूर गेले. फ्रँको मे महिन्यात गेले, नारायण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला चंद्रशेखर. मुंबईच्या फुटबॉलची एक अख्खी फळी साडेतीन महिन्यांत रिकामी झाली, आणि वर्तमानपत्रांतून त्याला आतल्या पानावर जागा मिळाली.

परदेशात तरी या जागेचे कौतुक होते का, म्हणून मी थोडा शोध घेतला. स्वीडनचे उदाहरण मला फार बोलके वाटले. हा देश फुटबॉलमध्ये मोठा, १९५८ साली विश्वचषकाचा यजमान आणि उपविजेता. पण हौशी खेळाचा सोवळेपणा तिथेही होताच. १९४८ चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकून देणारे त्यांचे उत्तम खेळाडू इटलीत पैसे घेऊन खेळायला गेले, तर १९५० च्या विश्वचषकासाठी त्यांना संघातच घेतले नाही. त्या देशातला ब्यॉर्न नॉर्डक्विस्ट हा बचावपटू पाहा. १९४२ चा जन्म. हॉल्सबर्गसारख्या लहान गावातून निघून नॉरशॉपिंगच्या संघातून तो वर आला, हॉलंडमध्ये आइंडहोवनला व्यावसायिक म्हणून खेळला, मग गोथेनबर्गला परतला आणि अखेरीस अमेरिकेतही खेळून आला. १९७०, १९७४ आणि १९७८ असे तीन विश्वचषक त्याने पाहिले. देशासाठी एकूण ११५ सामने खेळला, आणि त्या काळी हा जगातला उच्चांक होता. या ११५ सामन्यांत त्याचे गोल किती असतील? शून्य! मला हा आकडा फार आवडतो. एवढा काळ देशाने ज्याला बदलले नाही, त्याच्या नावावर एकही गोल नाही. याहून मोठे प्रशस्तिपत्र दुसरे कोणते हवे?

पण जगाने लक्षात ठेवला तो नॉर्डक्विस्ट नव्हे, त्याचा जोडीदार यान ओल्सन. १९ जून १९७४ रोजी डॉर्टमुंडला हॉलंडविरुद्ध खेळताना योहान क्रायफने त्याला अशी हुलकावणी दिली की ती चाल पुढे क्रायफच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. ओल्सन एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे. ती चित्रफीत आजही लहान मुलांना शिकवण्यासाठी दाखवतात. गंमत अशी की तो सामना ०-० असा सुटला. म्हणजे क्रायफच्या त्या विख्यात चालीतून गोल झालाच नाही, आणि स्वीडनच्या पिछाडीने आपले काम चोख बजावले. पहिल्या साखळीतल्या तिन्ही सामन्यांत स्वीडनवर एकही गोल झाला नाही. पण हे कोण सांगतो? फुलबॅकच्या नशिबाची ही दुसरी गंमत. ओल्सन बिचारा दिलदार गृहस्थ. त्या प्रसंगाचा आपल्याला अभिमानच वाटतो असे तो पुढे सांगत असे.

आता तिसरी गंमत, आणि ती आपल्या घरची आहे.

राहुल भेके याचा जन्म ६ डिसेंबर १९९० चा, मुंबईतला. नाव ऐकताच कळते की मुलगा आपला आहे. तो मोठा होईपर्यंत जुनी मुंबई पालटली होती. १९७६ साली सरकारने कॅलटेक्सचा इथला कारभार ताब्यात घेतला आणि पुढे तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये मिसळून गेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीसंप सुरू झाला, आणि त्यानंतर आमच्या काळाचौकी-लालबागच्या भोंग्यांचे काय झाले ते या भागातल्या कुणालाही सांगायला नको. कंपन्यांचे फुटबॉल संघ एकामागून एक थंडावले. महिंद्र युनायटेड हा त्यांतला शेवटचा मोठा संघ. त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० साली तोही बंद झाला. रोव्हर्स करंडक नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबला तो थांबलाच. म्हणजे टेबल-खुर्चीचा भरवसा गेला, आणि त्या जागी करारपत्र आले. आजचा फुटबॉलपटू खऱ्या अर्थाने व्यावसायिक आहे. पैसा पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त, मुदत मात्र कागदावर लिहिलेली.

भेके याने या नव्या जगात वाट काढली. ईस्ट बंगालकडून कलकत्त्याला खेळला, मधल्या काळात केरळ ब्लास्टर्स आणि पुणे सिटी यांच्याकडून इंडियन सुपर लीगमध्ये उतरला, आणि २०१७ साली बंगळुरू एफसीत गेला. उजव्या कोपऱ्यात फुलबॅक म्हणून खेळायचा, गरज पडली तर मध्ये उभा राहायचा. २०१८ चा अंतिम सामना बंगळुरू स्वतःच्या घरी हरले. पुढच्या वर्षी, १७ मार्च २०१९ रोजी, अंतिम सामना अंधेरीला होता, म्हणजे भेकेच्या गावी. समोर एफसी गोवा. नव्वद मिनिटांत गोल नाही, जादा वेळही संपत आलेला. एकशे सतराव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, आणि पिछाडीचा हा गडी पुढे जाऊन उडाला. हेडर, गोल, आणि बंगळुरूचे पहिले विजेतेपद!

त्याच वर्षी किंग्ज कप स्पर्धेत तो भारताकडून पहिला सामना खेळला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. आघाडीचा मुलगा अठराव्या वर्षी देशाचा लाडका होतो. बचावपटूला लोकांनी ओळखेपर्यंत केस पिकायला लागतात. २०२१ साली तो मुंबई सिटीकडे आला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबशी सामना होता. आधी मुंबई एका गोलाने मागे पडली, मग पेनल्टीवर बरोबरी झाली, आणि पाऊण तास उलटल्यावर... नव्हे, सव्वा तास उलटल्यावर कॉर्नरवरून पुन्हा भेकेचेच डोके आडवे आले. २-१. त्या स्पर्धेत भारतीय क्लबने मिळवलेला हा पहिलाच विजय. ४ मे २०२४ ला कलकत्त्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबई सिटीने लीगचा करंडक उचलला तेव्हा कर्णधार भेकेच होता. मग तो बंगळुरूला परतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मलेशियाविरुद्ध बरोबरीचा गोल त्याचा, आणि मार्च २०२५ मध्ये मालदीवविरुद्ध पहिला गोलही त्याचाच.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, की मीही इथे त्याचे गोलच मोजत बसलो. त्याने अडवलेले विंगर, काढून दिलेले चेंडू, भरून काढलेल्या रिकाम्या जागा यांची यादी कुठे मिळत नाही. जर्नेल लक्षात राहिला आघाडीला गेल्यामुळे, ओल्सन फसल्यामुळे, आणि भेके डोक्याने गोल केल्यामुळे. राखण केल्यामुळे कोण लक्षात राहिला?

आणि राखण करणाऱ्याची राखण कोण करतो, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. जुलै २०२५ मध्ये संयोजकांनी इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम लांबणीवर टाकला, कारण फुटबॉल महासंघाशी त्यांच्या कराराचे भिजत घोंगडे पडले होते. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने आपल्या मुख्य संघाचे पगार थांबवल्याचे जाहीर केले. देशाकडून खेळणारी माणसे, अंतिम सामने जिंकून देणारी माणसे, आणि महिना भरल्यावर घरी काय सांगायचे हा प्रश्न! ज्यांनी संपाची वर्षे पाहिली त्या आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना ही बातमी वाचून काय वाटले असेल ते मी समजू शकतो. चंद्रशेखर यांना कॅलटेक्समध्ये भेकेच्या तुलनेत किरकोळ पगार मिळत असेल. पण पहिल्या तारखेची त्यांना धास्ती नव्हती. जुने ते सगळे सोने असे मी म्हणणार नाही; कंपनीच्या मर्जीवर बांधलेला खेळ कंपनीबरोबरच बुडाला, हे आपण पाहिलेच. पण खेळाडूला करारपत्र देताना पडत्या काळाची तरतूदही त्यात लिहायला हवी, एवढे व्यवहारज्ञान तरी आपल्या फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी गिरणगावाकडून घ्यावे.

आई-वडिलांनाही एक सांगावेसे वाटते. अभ्युदयनगरच्या शहीद भगतसिंग मैदानावर संध्याकाळी मुले खेळतात, तेव्हा संघ पाडताना प्रत्येकाला पुढे खेळायचे असते. जो थोडा जाडा, थोडा लाजरा किंवा वयाने लहान, त्याला मागे ढकलतात. तो पोरगा हिरमुसून घरी येतो. त्याला सांगा, की स्वीडनमध्ये एका माणसाने एकही गोल न करता ११५ वेळा देशाचा सदरा घातला. त्याला सांगा, की लाखभर लोक विरुद्ध ओरडत असताना जकार्ताला आपल्या मुंबईचा एक नोकरदार माणूस सत्तर मिनिटे जागचा हलला नाही.

आणि पुढल्या खेपेला घरात सगळे मिळून फुटबॉलचा सामना बघाल तेव्हा एक प्रयोग करा. पाचच मिनिटे चेंडूवरची नजर काढा, आणि एका फुलबॅककडे बघा. तो कधी दोन पावले मागे सरकतो, कधी हात वर करून सोबत्याला जागा दाखवतो, कधी विंगरच्या आधी रेषेवर जाऊन उभा राहतो, आणि मग चेंडू त्या बाजूला येतच नाही. न आलेल्या त्या चेंडूला टाळ्या मिळत नाहीत. काळाचौकीच्या मैदानात त्याला आम्ही पकड म्हटले असते, आणि पंचांनी गुण दिला असता.